वाळका मासा आणि मामाचं पोर

कबासोला नावं ठेवायची असतील तर ती मी ठेवीन. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तर मला खपत नाही. हा माझा जन्माचा हक्क आहे. मी मगरीच्या कुळातली, तो माशाच्या कुळातला. मगर मासा खाते, म्हणून आमच्या दोन कुळांत चेष्टेचं नातं. मी त्याला चार लोकांत वाळका, सडका, खवल्या काय वाटेल ते म्हणावं; तो मला दातपडकी म्हणतो. मी त्याच्या अंगणातली कोंबडी उचलून नेली तर त्याने हसायचं, त्याने माझ्या चुलीवरची कढई पळवली तर मी हसायचं. जो रागावला तो हरला. कूळ आमच्यात आईकडून येतं, त्यामुळे माझ्या आईने त्याच्या मामाला छळलं, मी त्याला छळते, आणि माझ्या लेकी त्याच्या भाच्यांना छळतील.

पण मगरीच्या घरात मयत झालं की खड्डा माशानेच खणायचा. पहिली कुदळ त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याची. आपल्या माणसाचा खड्डा आपण खणायचा नाही. रडता रडता तो वाकडा होतो, असं माझी आई म्हणायची. आणि या सगळ्या नात्यात एकच गोष्ट वर्ज्य आहे. आभार मानायचे नाहीत. मानले की नातं संपलं, मग तुम्ही परके. त्या एका गोष्टीने माझी तीन वर्षं पंचाईत करून ठेवली होती.

कबासो दिसायला कसा, तर उंच, हडकुळा, गुडघे आधी आणि माणूस मागून. डोकं अंगाच्या मानाने मोठं. तासभर बोलणार नाही, मग एक वाक्य बोलेल, आणि ते नेमकं वर्मी लागेल. लोक म्हणतात, पाखरं राखून राखून हा पाखरासारखा झाला. खोटं आहे. आम्ही दोघं बरोबरीने वाढलो, मासे धरायला बरोबर जायचो. आम्ही बाकीची पोरं टोपल्या घेऊन चिखलात धिंगाणा घालायचो, आणि हा एका जागी गुडघाभर पाण्यात उभा. आम्हाला चिंगळ्या मिळायच्या आणि हा संध्याकाळी हाताएवढा मांगूर घेऊन घरी. तेव्हापासूनच मला त्याचा राग येतो.

आता ज्या पाखराबद्दल बोलतेय ते सांगते. बाहेरचे लोक त्याला शूबिल म्हणतात, चोच बुटासारखी म्हणून. दलदलीतल्या आमच्या कटुम्पा बेटावर आम्ही त्याला मामा म्हणतो. आमच्या घरांत मामाचा शब्द शेवटचा. तो फारसा बोलत नाही, कोपऱ्यात उभा राहून बघतो, आणि पोरांची पाचावर धारण बसते. हा पक्षीही तसाच. उभा राहिला तर माझ्या खांद्याला लागेल. रंग चुलीतल्या राखेचा, त्यात जरा निळसर झाक. चोच एवढी जाड की मान कशी पेलते देव जाणे, आणि तिच्या टोकाला आकडा. डोळे फिकट, आणि ते तुमच्यावर रोखले की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं. माझी आई म्हणायची, मासे धरायला निघालीस आणि मामा दिसला तर मान खाली घाल, त्याच्या डोळ्यात बघितलंस तर टोपली रिकामी येईल. मी साठ वर्षांची होईपर्यंत त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

मामा अंडी दोन घालतो, पण पोर एकच वाढतं. थोरलं धाकट्याला टोचून टोचून मारतं. म्हणजे एका जोडप्याचं सगळं वर्ष त्या एका पोरावर. आणि ते पोर चोरायला लोक टपलेले. दूर कुठल्या देशात श्रीमंत माणसं पिंजऱ्यात ठेवतात म्हणे. ज्याला हसू नाही, गाणं नाही, असलं पाखरू पिंजऱ्यात ठेवून काय बघत असतील कोण जाणे. म्हणून पक्ष्यांचं काम बघणाऱ्या ऑफिसने आमच्यातलेच मासेमार घरट्यांवर राखणीला बसवले. घरट्यापासून लांब, तरंगत्या गवतावर झोपडी बांधायची, आणि पोर उडेपर्यंत तीन-साडेतीन महिने तिथून हलायचं नाही. कबासो पहिल्या राखणदारांतला. या कामासाठीच तो जन्माला आला होता असं म्हणायला हरकत नाही, फक्त त्याच्या तोंडावर नाही.

तीन वर्षांमागे माझा धाकटा भाऊ गेला. ताप डोक्यात शिरला, चार दिवसांत खेळ संपला. माशाच्या कुळातला वडीलधारा म्हणजे कबासोच. तेव्हा एका घरट्यावर एकच राखणदार असायचा. निरोप गेला तसा तो आला, खड्डा खणला, माझ्या भावाला उतरवला, आणि वर लोकांना हसवलंही. खड्ड्यात उभा राहून म्हणाला, "हा मगरीचा पोरगा जन्मभर माझे मासे चोरून जाडा झाला, आता उचलायचं कुणी?" रडता रडता मला हसू फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो घरट्यावर परतला तर पोर नाही. गवतात माणसांच्या पायांच्या खुणा.

गाव म्हणालं, कबासोने विकलं. नेमके त्याच महिन्यात त्याच्या घरावर पत्रे चढले होते. ते त्याच्या लेकीने, म्वापेने, खाणीच्या गावाहून पाठवले होते, बोटीतून उतरवताना मी स्वतः बघितले होते. पण लोकांना पत्रे दिसले, म्वापे दिसली नाही. "मयताला गेला, आणि गिऱ्हाईकाला रस्ता मोकळा करून गेला," असं बोलायला लागले. ऑफिसने त्याची राखणदाराची टोपी काढून घेतली.

मी मुखियाकडे गेले. म्हटलं, "मासा सडका आहे, वास मारतो, पण चोर नाही. तो माझ्या भावाला पुरत होता." मुखिया पोट धरून हसला. म्हणाला, "बाना चिसेंगा, तू त्याला गेल्या आठवड्यात काय म्हणालीस आठवतं का? पाण्यातला लफंगा. आता हे म्हणतेस. तुझं काय खरं मानायचं?" चेष्टेच्या नात्यातल्या माणसाची साक्ष कोण धरणार? जन्मभर त्याला शिव्या घालून मी माझ्या शब्दाची किंमत स्वतःच घालवली होती. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, आणि भावासाठी रडतेय असं सगळ्यांना वाटलं.

कबासो मला एका शब्दाने बोलला नाही. मीही नाही. भेटला की मी म्हणायची, "काय वाळक्या, अजून जिवंत?" तो म्हणायचा, "मगरीला भूक लागलेली बघून मेलो नाही." बस. माझ्या भावापायी तुझं नाव गेलं, हे मला कळतंय, एवढं एक वाक्य माझ्या घशात तीन वर्षं अडकलं होतं. ते बोलले असते तर आभारच झाले असते.

यंदा एका घरट्यावर बसायला माणूस मिळेना. ते फार आत होतं, जळवांचं माहेरघर. शेवटी ऑफिसवाले कबासोच्या दारात आले. टोपी परत दिली, पण स्पष्ट सांगितलं, हे पोर गेलं तर पुन्हा कधी तोंड दाखवायचं नाही. आता घरट्यावर दोघं असतात. त्याच्या जोडीला लुबिंडा म्हणून एक होता. तीन महिने दोघांनी काढले. पोर बापाएवढं झालं. आणि लुबिंडा तापाने फणफणला, त्याला बोटीने दवाखान्यात नेलं. उडायला आठवडा उरला असताना कबासो एकटा पडला.

आणि त्याच आठवड्यात माझी अक्का गेली.

आईमागे तिनेच मला वाढवलं. पहाटे गेली, झोपेतच, चेहऱ्यावर सुरकुतीही जास्त नाही. म्हातारी झाली होती, त्रास झाला नाही, सगळं खरं. पण मी तिच्या पायाशी चटईवर बसले आणि मला वाटलं आता मला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. सगळ्यांची मी बाना चिसेंगा, चिसेंगाची आई. माझं लहानपणीचं नाव फक्त अक्का घ्यायची.

दुपारी कबासो आला. खांद्यावर कुदळ, डोक्यावर ती टोपी. अंगणात उकिडवा बसला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणाला, "मेली का शेवटी? मी तर ऐकलं होतं, मगर बुडत नाही." बायका रडता रडता हसल्या. मी हसले नाही. मी त्याच्याकडे बघत होते. तो बोलत होता आमच्याशी, पण मान सारखी पश्चिमेकडे वळत होती. घरटं तिकडे.

बाकीच्या बेटांवरून माणसं यायची होती, म्हणजे पुरायला दुसऱ्या दिवशीची दुपार होणार. तोवर तो हलू शकत नव्हता. मला भावाचं मयत आठवलं. पुन्हा तेच. पुन्हा आमच्याच घरापायी.

मी उठले. अक्काच्या कानाशी वाकून म्हटलं, "अक्का, मी तुला पोचवायला नाही गं येऊ शकत. रागावू नकोस." मग बाहेर येऊन कबासोच्या हातातली होडीची लांब काठी ओढली.

"हे काय?" तो म्हणाला.

"उचलतेय. माझा हक्क आहे. होडी पण नेतेय."

"आणि मी काय पोहत जाऊ?"

"मासा आहेस ना? पोहता येत नसेल तर सांग."

लोक हसले. तो हसला नाही. त्याला कळलं होतं. हळू आवाजात म्हणाला, "अगं, तुझी सख्खी बहीण आहे."

"तू नीट खण," मी म्हटलं. "खड्डा वाकडा झाला तर तुझी गाठ माझ्याशी आहे."

थोरली मावशी चटईवरून ओरडली, "बहीण अजून घरात आहे आणि ही पाखरू बघायला निघाली. लाज नाही मेलीला." मावशीचं बरोबरच होतं. असं कुणी करत नाही. मी काठाकडे निघाले. कबासो काठापर्यंत मागे आला आणि एका दमात तीन वाक्यं बोलला, एवढी मी त्याच्याकडून एका वेळी कधी ऐकली नव्हती. "झोपडीपुढे खुंटी ठोकलीय, तिच्या पुढे जायचं नाही. बोलायचं नाही, आवाज झाला तर आईबाप लांब जातात. त्याला अजून आठवडा आहे, ते घरट्याबाहेर पडणार नाही."

"बोलायचं नाही?" मी विचारलं.

"जमेल का?"

"वाळक्या, तू तुझं बघ."

होडीने दोन तास. शेवटचा रस्ता लव्हाळ्यातून इतका अरुंद की दोन्ही बाजूंनी गाल ओरबाडले जातात. झोपडी म्हणजे चार काठ्या आणि गवत, आत एक मडकं, थोडं कसाव्याचं पीठ, वाळके मासे. रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही, डास होते. उजाडलं आणि मी खुंटीमागे बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मामाकडे मान वर करून बघितलं. मासे धरायचे नव्हते, टोपली रिकामी राहिली तर राहू दे.

पोर घरट्यावर उभं होतं. घरटं म्हणजे तुडवून तुडवून चेपलेला गवताचा ढीग, पाण्यावर तरंगणारा. पोर बापाएवढंच, फक्त रंगाला जरा मातकट आणि चोच थोडी लहान. मोठी मादी पलीकडे पाण्यात उभी. मी बघतेय, ती उभी. मी पाय बदलला, ती उभी. ऊन वर चढलं, ती उभीच. आता मात्र मला वाटलं, ही मेली असावी, उभ्या उभ्या. मला असल्या शांतपणाचा संताप येतो. नवऱ्यालाही मी याच कारणाने बोलायची. तेवढ्यात ती कोसळली. सगळं अंग, पंख, चोच, एकदम पाण्यावर फेकलं तिने, छपरावरून गाठोडं पडावं तसं. वर आली तेव्हा चोचीत ओंजळभर गवत आणि त्यात वळवळणारा लांबडा मासा, चिखलातला, जो हवा खायला वर येतो तो. मान हलवून गवत गाळलं, चोचीच्या धारेने माशाचं डोकं उडवलं, आणि बाकीचा पोराला. त्याने एका घासात संपवला. तिने स्वतः काही खाल्लं नाही. मला अक्का आठवली. मांगुराचं डोकं आपल्याला आवडतं असं ती जन्मभर सांगत राहिली, म्हणजे मधला भाग मला मिळावा.

उन्हाने पोर धापा टाकायला लागलं. मादी पाण्यापाशी गेली, चोच भरून पाणी आणलं, आणि त्याच्या अंगावर ओतलं. पुन्हा गेली, पुन्हा ओतलं. मी मोजलं नाही, पण पुष्कळदा. मी तोंडावर कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्याचा पदर धरून बसले होते. रडायचं नव्हतं, आवाज करायचा नव्हता. बहिणीला घरी ठेवून आलेली बाई, दीड दिवस मी तोंडातून हुंदकाही काढला नव्हता. आमच्यात मयताला मोठ्याने रडतात, नाव घेऊन, गुण गाऊन, गावाला ऐकू जाईल असं. ते सगळं माझ्या छातीत दगडासारखं बसलं होतं.

दुपारी एक होडी आली. दोन माणसं, ओळखीची नव्हती, पुढे झाकणाची मोठी टोपली, झाकण उघडं. मला बघून थांबली.

"कबासो कुठाय?" एकाने विचारलं. "बेटावर मयत आहे म्हणे."

 यांना मयताचं ठाऊक, कबासोचं नाव ठाऊक, आणि टोपली रिकामी. मी हळू आवाजातच म्हटलं, "मागे लव्हाळ्यात बसलाय. पोट बिघडलंय त्याचं. हाक मारू? हातात भाला घेऊनच बसतो तो, सापांमुळे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "नको, नको. सावकाश होऊ दे," म्हणाले, आणि होडी वळवून गेले. ते कोण होते ते मला आजही माहीत नाही. असतील साधे मासेमारही.

होडी दिसेनाशी झाली. आदल्या पहाटेपासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी खुंटीला टेकले, डोळे मिटले. फक्त डोळे जळजळत होते म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे. उघडले तर सूर्य कलला होता.

घरटं रिकामं.

मी डोळे चोळले. लव्हाळा, पाणी, डावीकडे एक करडा खुंट, वर आभाळ. मादीही नाही. मी खुंटी-बिंटी विसरले आणि तशीच पुढे गेले, कमरेएवढ्या चिखलातून, गवताला धरून धरून, दोनदा पडले. घरट्यावर माशांची डोकी, चार पिसं, उन्हाने गरम झालेलं गवत. बाकी काही नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती झाकणाची टोपली आली. तो आठवडा आहे म्हणाला होता, म्हणजे हे आपल्या पायाने जाणार नव्हतं. भावाच्या वेळी पोर गेलं ते निदान दैवाने गेलं. या वेळी मी बसले होते. मी झोपले. आता तो मातीने भरलेले हात घेऊन येणार आणि मी त्याला काय सांगणार? याचं नाव मी दोनदा बुडवलं.

मग माझा बांध फुटला. मी त्या घरट्यावर बसून गळा काढला. आधी अक्काच्या नावाने. अक्का गं, मला वाढवलंस, मांगुराची डोकी खाल्लीस, आणि मी तुझ्या शेवटच्या वाटेला आले नाही. मग भावाच्या नावाने. मग त्या पोराच्या नावाने, त्याला नाव नव्हतं म्हणून मामाच्या लेकरा, मामाच्या लेकरा करत. आणि मग कबासोच्या नावाने, जिवंत माणसाच्या नावाने असं रडू नये तरी रडले. म्हटलं, तू माझ्या भावासाठी आलास, तुझं नाव गेलं, मी कधी एका शब्दाने बोलले नाही, आणि आता हे. सगळं बोलून टाकलं. ऐकायला होतं कोण?

होतं. डावीकडचा करडा खुंट हलला.

माझ्यापासून वीस पावलांवर. त्याने ती अवजड चोच माझ्याकडे वळवली, फिकट डोळ्यांनी मला असं बघितलं की मी हुंदका अर्धाच गिळला. दुपारभर आईकडून जे शिकायचं ते पोर शिकलं होतं, एका जागी उभं राहायला. घरट्यावरून आपल्या पायांनी चालत गेलं होतं आणि मासा कधी वर येतो याची वाट बघत होतं. मी त्यालाच खुंट समजून त्याच्याकडे पाठ करून मयत मांडलं होतं.

माझा आवाज त्याला सहन झाला नाही. त्याने पंख उघडले. एवढे मोठे पंख मी जवळून कधी बघितले नव्हते, वारा माझ्या तोंडावर आला. चार पावलं गवतावर धडपडत धावलं, पाय लोंबकळत, आता पडतंय की मग पडतंय, आणि उठलं. लव्हाळ्याच्या शेंड्यांना पाय घासत गेलं, मग वर, मग मान आत घेतली आणि शहाण्यासारखं उडायला लागलं.

त्याच वेळी पाण्याच्या वाटेवरून होडी आली. कुणाची तरी मागून आणलेली, वळणावर डुगडुगणारी, आणि तिच्यात कबासो उभा. पोर त्याच्या डोक्यावरून गेलं. त्याने मान वर केली, टोपी पाण्यात पडली, ती त्याने उचललीही नाही. पाठ फिरवून, ते लांब दुसऱ्या गवतावर उतरेपर्यंत बघत राहिला. मग होडीत खाली बसला, एकदम, आणि दोन्ही कोपरं गुडघ्यांवर ठेवून तसाच बसून राहिला. मी त्याचे खांदे हलताना बघितले. माझ्या जिवात जीव आला, एवढंच मला समजलं. मी चिखलात उभी राहून वेड्यासारखी हसत होते, नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

तो जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखा झाला होता.

"तुझा आवाज तिकडे मोठ्या प्रवाहापर्यंत येत होता," तो म्हणाला. "मला वाटलं हत्ती अडकलाय."

"ऐकलंस?"

"सगळं नाही."

"काय ऐकलंस?"

 "बरं झालं तू पुरायला नव्हतीस," तो म्हणाला. "अक्का उठून बसली असती, आणि मला खड्डा पुन्हा खणावा लागला असता."

मी त्याच्या अंगावर चिखलाचा गोळा फेकला. तो नेम चुकवायला हललाही नाही.

पोर पुढे महिनाभर तिथेच होतं, घरट्यापासून हाकेच्या अंतरावर. आठ दिवसांनी ऑफिसवाले आले, मुखियाला बरोबर घेऊन, आणि सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं. मुखिया मला म्हणाला, "तर तो चोर नव्हता म्हणायचा." मी म्हटलं, "कुणी सांगितलं? माझ्या दोन कढया अजून त्याच्याकडे आहेत." पत्र्यांबद्दल त्यानंतर गावात कुणी बोललं नाही.

पण त्या दिवशीचं राहिलं. मी होडीच्या काठाला धरून उभी होते. कबासोने हात पुढे केले, तळवे वर करून. दोन्ही हातांना, मनगटापर्यंत, लाल माती वाळून बसली होती. मला कळेना. पुरून झालं की खणणाऱ्यांनी तिथल्या तिथे हात धुवायचे, ही आमची रीत आहे. हात न धुता कुणी माघारी फिरत नाही. म्हाताऱ्या बायका त्याला नक्की बोलल्या असणार.

"धुतले नाहीत," तो म्हणाला. "तुझी अक्काला माती द्यायची राहिली होती ना."

चितेंग्याला हात पुसले मी, आणि त्याच्या तळव्यांवरची माती बोटांनी खरवडून घेतली, दोन्ही हातांची. मुठीत धरून कपाळाला लावली, आणि अक्काचं नाव घेऊन पाण्यात सोडली. मग त्याचे हात धरले आणि पाण्यात बुडवून चोळून चोळून धुतले, नखांतसुद्धा.  घशात काहीच अडकलेलं नव्हतं.

"झाले का?" तो शेवटी म्हणाला.

"माशाचा वास जात नाही," मी म्हटलं. "चल, होडी वळव."